मृगाआधी टिलरचा गळका कार्बोरेटर बघून घ्या

रोहिणी लागल्या की मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या गावांत धूळवाफ पेरणीची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या पेरणीची घाई सुरू होते. गेल्या लावणीनंतर पडवीत झाकून ठेवलेला पेट्रोलवरचा छोटा टिलर बाहेर निघतो, पेट्रोलचा कॉक उघडला जातो आणि कार्बोरेटरखाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाखाली, टपटप सुरू होते. ऐन चिखलणीला हे कळलं तर मेकॅनिककडे रांग असते आणि राबातलं रोप काही थांबत नाही. म्हणून आजच टाकीत थोडं पेट्रोल घाला, कॉक उघडा आणि इंजिन चालू न करता दहा मिनिटं नुसतं बघत बसा.

गळत असेल तर कॉक बंद करा आणि दोरी अजिबात ओढू नका. आधी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल खुणेच्या वर आलं असेल, पातळ झालं असेल, त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गळलेलं पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरलंय. असं ऑइल घेऊन इंजिन चालवलं की बेअरिंग आणि पिस्टन घासतात. माझ्या टिलरचं मी हे पाहिलं नव्हतं. गळती बंद केली, पण ऑइल तेच ठेवलं आणि भर लावणीत इंजिन उघडावं लागलं. तेव्हा ऑइल बदलायचंच.

आता गळतंय कुठून ते कोरड्या फडक्याने पुसून नीट पाहा. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोल साठतं, तिच्या सांध्यातून पाझरत असेल तर गॅस्केट कडक झालंय. खालच्या बोल्टमधून येत असेल तर वायसर गेलाय. रबरी नळीही तपासा, पडवीत उंदीर ती कुरतडतात. पण ओव्हरफ्लोच्या भोकातून किंवा एअर फिल्टरकडून पेट्रोल येत असेल, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कार्बोरेटर ‘ओव्हर’ होत असेल, तर दोष फ्लोटमध्ये किंवा त्याच्या निडलमध्ये असतो. जुन्या इंजिनात बहुतेक वेळा हेच निघतं.

वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट तरंगत वर येतो आणि निडलला तिच्या बैठकीत दाबून पेट्रोल थांबवतो. त्या बैठकीत टाकीतल्या गंजाचा बारीक कण अडकला तरी पेट्रोल थांबत नाही. उरलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने वाटीत आटलं की चिकट थर धरतो. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा किती दमट असतो हे वेगळं सांगायला नको. जुन्या इंजिनांचे रबरी भागही त्याने फुगतात.

काम चुलीपासून लांब, उघड्यावर करा. जवळ विडी नको. प्लगची वायर काढून ठेवा, खाली परात धरा, वाटी उतरवा. फ्लोटची पिन हलक्या हाताने सरकवली की निडल हातात येते. तिच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदलायचीच, घासून उपयोग नाही. बैठक कापसाच्या काडीने पुसा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालू नका, भोक मोठं झालं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल खातं. हवा मारली की पुरे. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटलाय, नवा घ्या. फुगलेलं गॅस्केट परत बसत नाही, तिथे एमसील लावून वेळ मारून नेऊ नका.

जोडण्याआधी एक चाचणी करा. कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद होते. पेट्रोल येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हळूच फुंका. हवा जात नसेल तर काम झालं. जात असेल तर निडल बदला, आणि तरीही जात असेल तर बैठकच झिजली आहे. नवा कार्बोरेटर घ्यायचा तो तेव्हा, आधी नाही.

टाकी धुतल्याशिवाय हे काम पुरं होत नाही, नाहीतर तोच गंज आठ दिवसांत परत येतो. कॉकखालची गाळणी साफ करा, नळीत छोटा फिल्टर बसवा. काढलेलं जुनं पेट्रोल राबात किंवा ओढ्यात ओतू नका, डब्यात बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या.

गवत कापायच्या टू-स्ट्रोक मशीनला यातलं बरंचसं लागू नाही. तिच्या कार्बोरेटरमध्ये बहुतेक वेळा फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो.

काळू-भातसा नद्यांच्या काठी भेंडी-काकडीला पाणी द्यायला लावलेले पेट्रोलवरचे पंप आता उचलून ठेवायची वेळ झाली. ठेवताना कॉक बंद करा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या, मग वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब परातीत काढून घ्या.