जाळ आणि धूर संगटच? सायलेन्सर बदलून पासिंगला जाताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या पोटाखाली माझी वीस वर्षं गेली. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच आवाजावरून कळतं, कुणी काय उद्योग करून ठेवलाय. आणि वाक्य ठरलेलं, "काका, उद्या पासिंग आहे, कायतरी करा की." दोन वर्षं रंकाळ्यावर चकरा मारल्या, आणि आठवण कधी झाली? आदल्या दिवशी संध्याकाळी.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे कॅट-कॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा, कापणे. गेल्या नवरात्राच्या तोंडावर एक पिवळ्या पाटीची गाडी आली, २०१८ ची पेट्रोल सेदान. गाडी वडिलांची, हौस पोराची. बाहेरगावच्या एका गॅरेजवाल्याने कॅट-कॉन कापून सरळ पाईप वेल्ड केला होता. वर मजुरीही घेतली नाही, याचं पोराला कोण कौतुक! अरे बाळा, त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. मजुरी त्याने डब्यातून वसूल केली.

मग चेक इंजिनचा दिवा लागला. मागच्या ऑक्सिजन सेन्सरला पुढच्यासारखाच धूर दिसायला लागला की पी०४२० हा कोड, म्हणजे कॅट-कॉन नीट काम करत नाही ही सूचना, येतोच. त्यावर इलाज काय, तर सेन्सरखाली स्पेसर घालून तो धुरापासून लांब उचलला. दिवा विझला, पोरगं खूश. पण पीयूसीचं मशीन दिव्याला विचारत नाही, नळी थेट पाईपात घालतं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा. दोन्ही आकडे दुपटीच्या वर. पीयूसी नाही म्हणून फिटनेस, म्हणजे पासिंग नाही, आणि अंबाबाई-जोतिबाच्या फेऱ्यांच्या ऐन हंगामात गाडी माझ्या दारात उभी. कंपनीचा नवा कॅट-कॉन यायला नऊ दिवस लागले. बिल बघून वडील काही बोलले नाहीत, नुसते पोराकडे बघत राहिले.

म्हणून माझ्याकडे नियम एकच. कॅट-कॉन आणि त्याच्या पुढचं, इंजिनाकडचं काही कापायचं नाही, कितीही गयावया करा. हौसच असेल तर मागचा मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा तेवढा बदलायचा, तोही बोल्टवर. मूळ मफलर गोणपाटात गुंडाळून, रंगाने गाडीचा नंबर टाकून मी माळ्यावर ठेवतो.

दुसरी चूक गैरसमजाची. "पीयूसी आहे की, मग सायलेन्सर चालतोय." पीयूसी धूर मोजते, आवाज नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या तपशिलात परस्पर बदल करायचा नाही. असा बदल केला तर कलम १८२अ(४) खाली दर बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज-धुराचं कलम १९०(२) वेगळं, त्यात १०,००० पर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद. "पण मोबाईलवर ७० डेसिबलच दाखवतंय," असं एकाने मला ऐकवलं. मोटारीसाठीची ७४ डेसिबलची मर्यादा ट्रॅकवर, पूर्ण थ्रॉटलला, साडेसात मीटरवरून मोजतात. तो मात्र गाडी आयडलवर ठेवून बोनेटपाशी उभा होता.

पाईपवरची परदेशी मान्यतेची खूण दाखवून निरीक्षकाशी वाद घालू नका. पाईपात स्टील वूल कोंबून आवाज दबत नाही. ते पहिल्या जोरदार रेसला मागच्याच्या अंगावर जातं.

मित्राचा मूळ सायलेन्सर पासिंगपुरता उसना लावणारेही पुष्कळ. लावा बापडे, पण जुनं गॅस्केट परत वापरू नका. जोडातून हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन वाढतो, आणि २,५०० आरपीएमच्या चाचणीत लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १.०३ च्या वर जाऊन चांगली गाडी नापास होते. माझी पद्धत गावठी आहे. इंजिन आयडलवर ठेवायचं, मागच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर दाबायचं आणि जोडाला कान द्यायचा. फुस्स झालं की गॅस्केट गेलं.

आणि थंड गाडी पीयूसीला नेऊ नका. कॅट-कॉन तापल्याशिवाय काम करत नाही. मी आधी उजळाईवाडीपर्यंत हायवेने चक्कर मारून येतो आणि इंजिन बंद न करता रांगेत लावतो. गाडी जाग्यावरच रेस करत बसणारे असतात, त्यांना एवढंच सांगतो की तेवढं इंधन हायवेवर जाळा.

सध्या माझ्या माळ्यावर अकरा मफलर आहेत. त्यातल्या एकाच्या मालकाने गाडी गेल्या वर्षीच विकली, मफलर न नेता. नव्या मालकाचं पासिंग डिसेंबरात आहे, आणि त्याचा अजून फोन आलेला नाही.