‘इन्शुरन्स घेता का?’ एवढंच विचारून मी आत गेलो

पहिल्या नोकरीचा चौथा महिना होता. टेक्सासमध्ये आमचं दर रविवारी क्रिकेट चालतं. सीमारेषेवर चेंडू अडवताना माझा घोटा मुरगळला. दोन आठवडे क्रेप बँडेज बांधून ऑफिसला जात राहिलो, पण सूज उतरेना. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला. घराजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलला फोन करून विमा कंपनीचं नाव सांगितलं आणि विचारलं, ‘तुम्ही हा इन्शुरन्स घेता का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘हो, घेतो.’

दीड महिन्याने पाकीट आलं. 3,400 डॉलर. विमा कंपनीने भरलेली रक्कम शून्य.

त्याच आठवड्यात मिरजेच्या बँकेत शैक्षणिक कर्जाचा हप्ता जायचा होता. घरी कुणाला सांगितलं नाही. आज हे लिहिताना सुद्धा पोटात तसाच गोळा येतो, म्हणून ही एक गोष्ट जरा लांबण लावून सांगणार आहे. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम आणि को-पे म्हणजे दर भेटीला आपण द्यायची ठरलेली रक्कम, एवढं लक्षात ठेवा.

‘घेतो’ म्हणजे काय, हे मला कळलं नव्हतं. रिसेप्शनवरच्या माणसाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की आम्ही त्या कंपनीकडे क्लेम पाठवू. कंपनी पैसे देईल की नाही, हे त्यात येतच नाही. एकाच विमा कंपनीचे कितीतरी प्लॅन असतात आणि प्रत्येकाचं नेटवर्क, म्हणजे कंपनीने करार केलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांची यादी, वेगळं असू शकतं. माझा प्लॅन ईपीओ प्रकारचा होता. ईपीओ आणि एचएमओ प्रकारात इमर्जन्सी सोडली, तर नेटवर्कबाहेरच्या उपचाराला साधारणपणे एक पैसा मिळत नाही. पीपीओ या प्रकारात काहीतरी मिळतं, पण तिथे नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल बहुतेक वेळा वेगळं आणि मोठं असतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं कार्ड त्याच कंपनीचं, वरचा लोगोही तोच, आणि त्याला तेच हॉस्पिटल चाललं असतं. कारण त्याने पीपीओ निवडला होता.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: ‘माझ्या अमुक नावाच्या प्लॅनसाठी, या पत्त्यावरची तुमची शाखा इन-नेटवर्क आहे का?’ प्लॅनचं पूर्ण नाव कार्डावर असतं, ते वाचून दाखवा. पत्ता सांगायचाच, कारण एकाच हॉस्पिटलची एक इमारत नेटवर्कमध्ये आणि दुसरी बाहेर, असंही असतं. मग फोन ठेवून कार्डाच्या मागच्या नंबरवर विमा कंपनीला लावा आणि पुन्हा तेच विचारा. तपासणीचा सीपीटी कोड, म्हणजे बिलात वापरतात तो त्या तपासणीचा ठरलेला नंबर, डॉक्टरांच्या ऑफिसातून मागून घ्या. घोट्याच्या साध्या एमआरआयचा 73721 आहे, मला तो पाठ झालाय. त्या कोडला आधी मंजुरी लागते का, हेही विचारा. शेवटी कॉलचा रेफरन्स नंबर, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. वीस मिनिटं जातात. जाऊ द्या.

मिरजेत आपण काउंटरवर दर विचारतो, पैसे भरतो, पावती घेतो आणि रिपोर्टची वाट बघतो. इथे दर आधी कुणी आपणहून सांगत नाही. हॉस्पिटलांनी दर जाहीर करावेत असा नियम 2021 पासून आहे, पण ती यादी शोधून वाचायचं काम आपलंच. त्याच एमआरआयचा दर हॉस्पिटलात आणि स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये कित्येक पटींनी वेगळा असू शकतो. हा सरळ धंदा आहे आणि तो तसाच समजून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सिनियर मंडळींच्या सल्ल्याबद्दलही बोलतो. एकाने सांगितलं, ‘2022 पासून नो सरप्रायझेस ॲक्ट आहे, काळजी करू नको.’ तो कायदा खरा आहे आणि चांगलाही आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात तुमचे फोटो वाचणारा रेडिओलॉजिस्ट बाहेरचा निघाला, तर तो तुम्हाला वाचवतो. पण इमर्जन्सी नसताना तुम्ही स्वतः अपॉइंटमेंट घेऊन नेटवर्कबाहेर गेलात, तर नाही. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्सही त्यात येत नाही. दुसरा म्हणाला, ‘बिल भरूच नको, काही होत नाही.’ असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. वर्षभर थकलेलं 500 डॉलरच्या वरचं बिल वसुली कंपनीकडे गेलं, तर क्रेडिट रिपोर्टवर येऊ शकतं आणि मग अपार्टमेंट मिळवताना तुम्ही अडता.

बिल आलंच असेल, तर घाबरू नका. हे मी मनापासून सांगतोय, कारण मी तीन रात्री झोपलो नव्हतो आणि त्याची गरज नव्हती. आधी विमा कंपनीचं ईओबी, म्हणजे कंपनीने किती भरलं आणि तुमच्याकडे किती राहिलं याचा हिशोब, आणि हॉस्पिटलचं बिल शेजारी ठेवा. ईओबी हे बिल नसतं, त्यावर पैसे भरायचे नाहीत. मग आयटमाइज्ड, म्हणजे प्रत्येक गोष्टीची रक्कम वेगळी दाखवणारं बिल मागा. विमा कंपनीने नकार दिला असेल, तर अपिलाला 180 दिवस असतात. माझं अपील फेटाळलं गेलं. पण हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचं होतं आणि अशा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. त्या वर्षातले निम्मे महिने मी विद्यार्थी होतो, त्यामुळे उत्पन्न कमी दिसत होतं. बिल निम्मं झालं आणि उरलेल्याचे बिनव्याजी हप्ते मिळाले. बिलिंग विभागातल्या ज्या बाईंनी मला तो अर्ज पाठवला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, तर यातलं काहीही आठवू नका. 911 लावा. पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासून रुग्णाला स्थिर करणं इमर्जन्सी रूमला 1986 च्या कायद्याने बंधनकारक आहे. ताप, खरचटणं, मुरगळणं यासाठी मात्र अर्जंट केअर, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येतं असा छोटा दवाखाना.

ओपीटीवाल्यांनो, म्हणजे शिक्षण संपवून विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करणाऱ्यांनो, विद्यापीठाचा विमा संपतो आणि नोकरीचा सुरू होतो, यात मोकळे महिने पडू देऊ नका. आधीचं कव्हर गेल्यापासून 60 दिवसांत मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारने चालवलेल्या विम्याच्या बाजारात, प्लॅन घेता येतो. आई-वडील येणार असतील, तर ‘फिक्स्ड बेनिफिट’ प्रकारचा स्वस्त प्रवासी विमा घेऊ नका. त्यात प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कम मिळते, बाकीचं तुमच्या डोक्यावर.

आणि छंदातून चार पैसे मिळवायचा मोह आवरा. माझ्या एका रूममेटच्या उकडीच्या मोदकांना गणपतीत इतकी मागणी आली, की तो पैसे घेऊन विकायला निघाला होता. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर ते परवानगीशिवायचं काम ठरतं. ‘मित्राच्या नावावर कर’ हा सल्ला तर त्याहून घातक, तिथे व्हिसाच पणाला लागतो. त्याने ते मोदक आम्हा सगळ्यांना वाटले.

खेळ मात्र सोडू नका. परक्या गावात पहिल्या वर्षी मला माणसं मिळाली ती त्या मैदानावरच. आता आमच्या टीममधल्या प्रत्येकाने मैदानाजवळचं आपल्या प्लॅनमधलं अर्जंट केअर शोधून फोनमध्ये ठेवलंय. नवा मुलगा आला, की पॅड बांधायच्या आधी त्याच्याकडून ते करून घेतो. जानेवारीत प्लॅन बदलले, की पुन्हा तपासतो.