गिटारच्या ट्रॅकची लय सुधारताय? या चुका टाळा

एका मित्राच्या भावगीताची गिटार माझ्याकडे आली होती. स्ट्रमिंग (तारांवरून पिक ओढत वाजवणं) सगळीकडे मागे पडत होतं. मी दोन संध्याकाळी बसून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभराच्या वर स्ट्रेच मार्कर (आवाज ताणण्याच्या खुणा) टाकले, एकेक स्ट्रम ग्रिडवर, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांवर ओढला. तिसऱ्या दिवशी मूळ ट्रॅक पुन्हा लावला आणि गंमत म्हणून अख्खाच्या अख्खा १४ मिलिसेकंद आधी आणला. गाणं बसलं! वाजवणारा बिचारा लयीतच होता.

तेव्हापासून कात्री हातात घेण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: चूक सगळीकडे सारखी आहे का? प्रत्येक ठोका तेवढ्याच अंतराने मागे असेल तर दोष लेटन्सीचा, म्हणजे आवाज यंत्रातून जाताना होणाऱ्या उशिराचा. ४८ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) ठेवला की एका बाजूचेच सुमारे ११ मिलिसेकंद होतात. सॉफ्टवेअर या उशिराची भरपाई आपोआप करतं, पण ड्रायव्हर (इंटरफेस, म्हणजे माईक आणि संगणक जोडणारी पेटी, चालवणारा प्रोग्रॅम) जो आकडा सांगेल त्यावर विसंबून, आणि ड्रायव्हर काही नेहमी खरं बोलत नाही. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये सरळ एक केबल जोडा, क्लिक (मेट्रोनोमची टकटक) वाजवून तोच रेकॉर्ड करा आणि दोन्हींतलं अंतर मोजा. तेवढा ऑफसेट सेटिंगमध्ये एकदा टाकला की झालं. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवलं असेल तर अंतर शंभर मिलिसेकंदांच्या पुढेही सहज जातं.

सुरुवात बरोबर आणि तिसऱ्या मिनिटाला गिटार हळूहळू घसरलेली, असं असेल तर ट्रॅक बहुतेक फोनवर किंवा दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड झालाय आणि दोघांची घड्याळं जुळत नाहीत. पूर्ण ट्रॅक किंचित ताणून तो जुळवायचा. सूरही जवळपास दीड सेमिटोनने सरकलेला असेल तर ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची गल्लत झाली आहे. तिथे मार्कर टाकत बसू नका, फाइल योग्य सॅम्पल रेटने पुन्हा आणा.

ठोका नक्की कुठे असतो?

स्नेअर ड्रमचा फटका स्क्रीनवर टोकदार दिसतो. गिटारचा डाउनस्ट्रोक झूम करून बघा, तो पसरलेला असतो. पिक जाड सहाव्या तारेवर पडतं आणि पातळ पहिल्या तारेपर्यंत पोचेतो २०-३० मिलिसेकंद गेलेले असतात, सावकाश ओढलेल्या स्ट्रमला त्याहूनही जास्त. अपस्ट्रोकला हाच प्रवास उलटा. सॉफ्टवेअरचा ट्रान्झिएंट (ठोक्याची सुरुवात) शोधणारा भाग एका स्ट्रमला सहाव्या तारेवर खूण करतो, पुढच्याला चौथ्या तारेवर, कारण तिथे आवाज मोठा होता. मग तुम्ही शंभर टक्के क्वांटाइझ (खुणा आपोआप रेघेवर खेचणं) मारता आणि सगळ्या खुणा रेघेवर आल्या तरी कानाला ट्रॅक आधीपेक्षा वेडावाकडा लागतो. क्वांटाइझने बिघडलं अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं.

मी खुणा हाताने तपासतो आणि रेघ स्ट्रमच्या पोटात येऊ देतो: जाड तारा रेघेच्या जरा आधी, पातळ तारा रेघेवर किंवा किंचित नंतर. सगळ्या डाउनस्ट्रोकना एकच नियम. क्वांटाइझ वापरलंच तर ५०-६० टक्के. नव्वदच्या टेम्पोला (मिनिटाला नव्वद ठोके) सोळावा भाग, म्हणजे पाव ठोका, साधारण १६७ मिलिसेकंदांचा असतो. त्यात दहा मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तर ते खुपत नाहीत, उलट माणूस वाजवतोय असं वाटतं.

ग्रिड कुठली, हेही बघा. दादऱ्याच्या सहा मात्रांचं गाणं प्रोजेक्टमध्ये चार-चारच्या बारात पडलेलं मी कितीदा पाहिलंय. झुलता ठेका सरळ सोळाव्या भागांवर खेचला की झोकाच जातो. आणि तबला हाताने, क्लिकशिवाय वाजलेला असेल तर स्क्रीनवरच्या रेघांना काही अर्थ नाही. गिटार तबल्याच्या समेला जुळवा, किंवा तबल्यावरून टेम्पो मॅप बनवा, म्हणजे रेघाच तबल्याच्या चालीवर बसवा.

कापताना

कट ठोक्याच्या ऐन तोंडावर घेऊ नका. त्याच्या जरा आधी, मागच्या कॉर्डची आस (रेंगाळणारा आवाज) विरत असते तिथे घ्या, आणि क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढणं) ठोका सुरू होण्यापूर्वी संपवा. फेड ठोक्यावर आला की पिकची ‘टक’ खाल्ली जाते, नाहीतर दोनदा ऐकू येते. खालच्या ई तारेचं एक आवर्तन सुमारे १२ मिलिसेकंदांचं असतं, त्यामुळे दोन मिलिसेकंदांचा फेड तिथे उचकी दिल्यासारखा वाटतो. मी १० ते १५ पासून सुरुवात करतो.

घाईने आलेला स्ट्रम उशिराकडे सरकवला की त्याच्या आधी भोक पडतं. ते शांततेने भरू नका. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर असतेच, आणि ती मध्येच बंद पडली की कुणाच्याही लक्षात येतं. आधीच्या कॉर्डची आस थोडी ताणून भोक बुजवा. (कुकरच्या शिट्टीवर कट घेणं टाळा. अर्धी शिट्टी पूर्ण शिट्टीपेक्षा जास्त ऐकू येते.) हेडफोनमधला क्लिक माईकमध्ये गळला असेल तर तुम्ही स्ट्रमबरोबर तोही सरकवताय. शांत जागी नीट ऐका.

ताणताना

रीपरमध्ये शिफ्ट आणि डब्ल्यूने एकच मार्कर टाकून ओढला की पूर्ण आयटम (ट्रॅकवरचा आवाजाचा तुकडा) हलतो आणि बरोबर असलेले ठोकेही बिघडतात. आधीच्या आणि पुढच्या स्ट्रमवर मार्कर ठोका, ते खुंट्या. हलवायच्या स्ट्रमला दोन मार्कर लावा, एक ठोक्याआधी आणि एक ठोका संपल्यावर, आणि दोन्ही एकत्र सरकवा. म्हणजे ताण फक्त आसेवर येतो, पिकचा आवाज जसाच्या तसा राहतो. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर कॉर्ड ताणायला लॉजिक आणि प्रोटूल्समध्ये पॉलिफोनिक मोड, एबलटनमध्ये कॉम्प्लेक्स. मोनोफोनिक (एका वेळी एकच सूर धरणाऱ्या) मोडमध्ये कॉर्ड पाण्याखालून आल्यासारखी थरथरते.

दोन माईक असतील, किंवा माईक आणि पिकअप, तर संपादन सुरू करण्याआधी ट्रॅक ग्रुप करा, म्हणजे ते एकत्रच सरकतील. एकच ट्रॅक एक मिलिसेकंद सरकला तर तो माईक खोलीत ३४ सेंटीमीटर उचलून ठेवल्यासारखंच झालं. गिटार पोकळ वाजायला लागते आणि मग माणूस तासभर ईक्यूशी (आवाजाचा पोत बदलणाऱ्या बटणांशी) झटापट करतो.

सोलो करून, म्हणजे एकटी गिटार ऐकून, लय तपासणं हीसुद्धा चूकच. गायकाबरोबर, बासबरोबर, स्क्रीन बंद करून ऐका. जे खटकेल त्याची वेळ कागदावर लिहा आणि तेवढंच दुरुस्त करा.

एका बारात चार-पाच ठिकाणी हात घालावा लागत असेल तर तो बार पुन्हा वाजवून घ्या. दोन बार आधीपासून ट्रॅक वाजू द्या, हात लयीत आला की पंच-इन करा, म्हणजे तेवढ्याच जागी नवं रेकॉर्डिंग सुरू करा. मी खुर्चीच्या आणि माईक स्टँडच्या पायांशी जमिनीवर टेप लावून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वाजवलेले ते दोन बार आधीच्यात मिसळून जातात. मधल्या काळात तारा मात्र बदलू नका.