शाळेत मुलावर खोटा आळ आला तर

चौथीत असताना फळ्यावर कुणीतरी बाईंचं टोपणनाव लिहिलं. त्या दिवशी तारीख-वार लिहायची पाळी माझी होती, म्हणून बोटांना खडू. बाईंनी थेट माझे हात पाहिले. मला रडू फुटलं, तर तोच पुरावा ठरला. घरी बाबा म्हणाले, "काही केलं नसतंस तर बाई उगाच कशाला बोलतील?" बाईंचं ओरडणं कधीच विसरले, हे वाक्य नाही.

म्हणून लेकाच्या डायरीत 'मित्राची वही फाडली' असा शेरा आला तेव्हा ओठांवर आलेलं "का फाडलीस?" गिळलं. त्या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो. "मधल्या सुट्टीपासून काय काय झालं, सांग" एवढंच विचारा आणि गप्प बसा. १९७४ साली लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. ज्यांना 'गाड्या धडकल्या' ऐवजी 'गाड्यांचा चुराडा झाला' अशा शब्दांत प्रश्न विचारला, त्यांच्यातल्या जास्त जणांना आठवड्याने फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काचा फुटल्याच नव्हत्या! मोठ्यांची ही गत, मग मुलांचं काय? तेच पुन्हापुन्हा विचारलं की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते बदलतं.

सांगेल ते त्याच रात्री त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा: कितवा तास, शेजारी कोण, हातात काय होतं.

शाळेत "माझा मुलगा खोटं बोलत नाही" म्हणू नका. सगळीच मुलं कधी ना कधी बोलतात, आणि बाईंना ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. विचारा, फाडताना कुणी पाहिलं? वही बघायला मिळेल? मुलाला सोबत न्या. त्याच्याबद्दलच्या निर्णयात त्याचं म्हणणं ऐकलं जावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या बाराव्या कलमातच आहे.

"माफी मागून टाक, विषय संपव" हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. "तुझी वही फाटली, मला वाईट वाटलं" एवढं म्हणायला हरकत नाही; "मी फाडली" म्हणायला आहे.

वही बाकाच्या खिळ्याला अडकून फाटली होती. बाईंनी मला फोनवर सॉरी म्हटलं. मी म्हटलं, "मला नको, त्याला सांगा. आणि ज्या वर्गात बोललात, तिथेच." तीन दिवस भरलेला परत येणारा डबा त्या संध्याकाळी रिकामा आला.