अंजनेरीच्या पठारावर वाऱ्यात फोटो हलतात? हे करून बघा

पावसाळ्यात नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावर वारा अडवायला काहीच नसतं, त्यामुळे ट्रायपॉड लावूनही फोटो हलतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पायांचे सगळ्यात बारीक भाग आतच राहू द्या. सॅक मधल्या दांड्याखालच्या हुकाला लटकवा, पण तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. अधांतरी राहिली तर ती झोके घेते आणि कॅमेराही थरथरतो. कॅमेऱ्याचा फडफडणारा पट्टा सरळ काढून टाका.

हातात धरून काढायचा तर शटर १/५०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००पासून सुरुवात, चार-पाच फ्रेम सलग. आयएसओ वाढवल्याने दाणेदार झालेला फोटो नंतर सावरता येतो, हललेला नाही. लेन्सवर थेंब येणारच. पाठ वाऱ्याकडे, लेन्स खाली, मायक्रोफायबरने टिपा, घासू नका. कड्याजवळ मात्र बसूनच काढा.