पाऱ्याच्या निर्वात पंपाची बदलता येणारी झडप: या चुका टाळा

टोप्लर पंप, म्हणजे पाऱ्याच्या चढ-उतारावर चालणारा निर्वात पंप, आता जुन्या वळणाचा मानला जातो. पण एखाद्या भांड्यातला थोडासाच वायू एक थेंबही न गमावता दुसऱ्या भांड्यात नेऊन मोजायचा असेल, तर तो अजून उपयोगी पडतो. काचेच्या फुग्यात पारा वर चढतो आणि वायूला बाहेर ढकलतो. मग पारा उतरतो, फुगा रिकामा होतो आणि यंत्रणेतला उरलेला वायू त्यात पसरतो. या पंपात पाऱ्याची झीज होत नाही, झीज होते झडपांची: यंत्रणेतून फुग्यात वायू घेणारी ती आतली झडप, फुग्यातून पुढे सोडणारी ती बाहेरची. झडप फुग्यातच कायमची जोडून टाकली, तर दोन ग्रॅमच्या काचेसाठी अख्खा पंप उतरवावा लागतो आणि काच फुंकणारा कारागीर शोधत पुण्या-कोल्हापूरच्या खेपा सुरू होतात. म्हणून झडप सुटी करायची. ती करताना पुढच्या चुका हमखास होतात.

समुद्रसपाटीचे ड्रॉइंग जसेच्या तसे वापरणे

पुस्तकातल्या आकृत्या हवेचा दाब ७६० मिमी पारा धरून काढलेल्या असतात. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, तिथे पाऱ्याचा स्तंभ साधारण ७१० मिमी उभा राहतो. साताऱ्यात, सुमारे ७०० मीटरवर, ७०० मिमी. महाबळेश्वरला तर ६४५च्या आसपास. पारा साठवणाऱ्या खालच्या टाकीत नुसती हवा सोडून पारा वर चढवायचा असेल, तर तो याहून वर जाणार नाही. खालच्या पाऱ्याच्या पातळीपासून बाहेरची झडप ७३० मिमीवर बसवली असेल, तर ती झडप साताऱ्यात पाऱ्याचे तोंडही पाहणार नाही.

हिशेब असा करा: स्थानिक दाबातून चढाईची उंची वजा करा, त्यातून झडपेवरच्या पाऱ्याच्या थराची जाडी वजा करा. उरेल तेवढ्याच दाबाविरुद्ध वायू बाहेर पडेल. साताऱ्यात चढाई ४५० मिमी आणि थर १० मिमी असेल, तर ७०० − ४५० − १० = २४० मिमी. म्हणजे पुढचे गोळा करण्याचे भांडे २४० मिमीच्या आतच ठेवायला हवे. वायू थेट वातावरणाच्या दाबाला बाहेर काढायचा असेल, तर हवेवर विसंबू नका. रबरी नळीने जोडलेला पाऱ्याचा वेगळा फुगा हाताने झडपेच्या वर उचलण्याची रचना करा.

आत येणाऱ्या नळीच्या बाबतीत मात्र उलटे. झडप फुटली तर पारा यंत्रणेत शिरू नये म्हणून ती नळी उंच नेलेली असते. ‘आपल्याकडे ७०० पुरे’ म्हणून ती कापू नका. ७६० मिमी ठेवली तर ऋतूनुसार दाब खाली-वर होतो त्याला जागा राहते.

झडप वायूने उघडेल असे मानणे

बाकीच्या सगळ्या चुका एकत्र केल्या तरी या एका चुकीइतके नुकसान होत नाही. पाण्याच्या पंपाची सवय असलेला माणूस आतली झडपही तशीच काढतो: खाली बैठक (झडप टेकते ती कड), वर झडप, वायूने ढकलले की उघडणार. ६ मिमी भोकाचे क्षेत्रफळ ०.२८ चौ. सेंमी. त्यावर २ ग्रॅमची झडप ठेवली, तर ती उचलायला चौ. सेंमीला ७ ग्रॅम, म्हणजे सुमारे ५ मिमी पारा एवढा दाब लागतो. यंत्रणेतला दाब ५ मिमीच्या खाली गेला की झडप उघडणेच बंद. पंप चालू दिसतो, पारा चढतो-उतरतो, काम मात्र शून्य.

आतली झडप स्वतःच्या वजनाने खाली लोंबती, उघडीच असायला हवी. तिला बंद करायचे काम चढत्या पाऱ्याचे. तो तिला तरंगवत वर नेतो आणि वरच्या बैठकीला टेकवतो. उघडते वजनाने, मिटते पाऱ्याने. यात वायूला काहीच करावे लागू नये.

आतली झडप पोकळ करणे

‘तरंगायची आहे म्हणजे पोकळच हवी’ हा विचारही पाण्यातून आला आहे. पाऱ्याची घनता १३.५५, बोरोसिलिकेट काचेची २.२३. म्हणजे भरीव काच पाऱ्यात जेमतेम सहावा हिस्सा बुडते. ११ मिमी व्यासाचा, २५ मिमी लांबीचा भरीव दांडा सुमारे ५.३ ग्रॅमचा होतो आणि पूर्ण बुडाल्यावर त्याला वर ढकलणारा जोर २७ ग्रॅम मिळतो. तोच दांडा १ मिमी जाडीचा पोकळ केला तर वजन २ ग्रॅम, जोर ३० ग्रॅम. तीन ग्रॅमच्या फायद्यासाठी उघडण्याची ताकद निम्म्याहून कमी करून घ्यायची, हा व्यवहार तोट्याचा. भरीव झडप फुग्यातला दाब यंत्रणेपेक्षा १४ मिमी जास्त असला तरी वजनाने सुटते. पोकळ झडप ५ मिमीलाच अडकते. शिवाय पोकळ झडपेला केसासारखी चीर गेली तर पारा आत भरत जातो आणि बाहेरून ते पटकन दिसत नाही.

भोवतालची मोकळीकही हिशेबाने ठेवा. १३ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत ११ मिमीची झडप ठेवली, तर कडेची वाट ०.३८ चौ. सेंमी होते, म्हणजे भोकापेक्षा जास्त. ‘घट्ट बसावी’ म्हणून झडप १२.५ मिमीची केली, तर वाट ०.१० वर येते. कमी दाबात वायू आधीच रेंगाळत येतो, आणि इथे त्याची वाट एकतृतीयांशाहून थोडीच अधिक राहते. झडप पडू नये म्हणून नळीला खालून तीन खळगे पाडा. दोनच पाडले तर झडप तिरकी होऊन त्यांच्यात अडकते. लोंबत्या अवस्थेत झडप आणि बैठक यांत ४ ते ५ मिमी अंतर पुरे.

तीच झडप बाहेरच्या बाजूलाही वापरणे

बाहेरच्या झडपेची बैठक खाली असते आणि वर पाऱ्याचा थर सील म्हणून राहायला हवा. भरीव काचेची झडप इथे घातली की ती त्या थरातच तरंगते. पारा तिच्या खालून निसटत राहतो आणि २५ मिमी उंचीच्या झडपेभोवती जेमतेम ४ मिमी पारा उरल्यावर ती बसते. काचेत लोखंडी दांडा बंद करून सरासरी घनता ५ पर्यंत नेली, तर ९ मिमीचा थर टिकतो. लोखंडाचा आणखी एक उपयोग म्हणजे अडकलेली झडप बाहेरून चुंबकाने हलवता येते.

दोन्ही झडपा दिसायला सारख्या ठेवू नका. बाहेरच्या झडपेच्या डोक्यावर काचेचा छोटा हुक काढून ठेवला की अदलाबदल होत नाही.

निमुळती बैठक

ग्राउंड जॉइंटसारखी (घासून बसवलेल्या काचेच्या सांध्यासारखी) निमुळती बैठक, म्हणजे १० मिमीला १ मिमी उतार, छान बसते आणि मग सुटतच नाही. बैठकीचा एकूण कोन ९० अंश ठेवा आणि घासलेल्या कड्याची रुंदी १ ते १.५ मिमी. रुंद कड्यावर घाण साचते.

झडप आणि बैठक एकमेकींवरच घासा: आधी ४०० नंबरची कार्बोरंडमची घासपूड पाण्यात, शेवटी ६०० नंबर. दर दहा-बारा फेऱ्यांनी झडप उचलून कोन बदला, नाहीतर गोल चरे पडतात. पेन्सिलीच्या चार रेघा कड्यावर ओढून झडप एकदा फिरवा. चारही रेघा सारख्या पुसल्या तर काम झाले. घासलेली जोडी म्हणजे लग्न लागलेली जोडी; एकीची झडप दुसरीच्या बैठकीत चालत नाही. दोन्हींवर हिऱ्याच्या पेन्सिलीने एकच क्रमांक कोरा.

फक्त झडप सुटी, बैठक पंपातच

वरच्या कारणामुळे झडप, बैठक आणि मार्गदर्शक नळी असा सगळा संच एकाच शंकूच्या जॉइंटवर बांधा. बी १९/२६ चा जॉइंट (रुंद टोक १८.८ मिमी, लांबी २६ मिमी) या मापाला पुरतो. असे दोन संच तयार ठेवले की बदल अर्ध्या तासाचा.

जॉइंटभोवती १५ मिमी खोलीची काचेची वाटी करून तिच्यात पारा ठेवा. गळती झालीच तर आत हवा न जाता पारा जाईल आणि डोळ्यांना दिसेल. ग्रीस शंकूच्या फक्त बाहेरच्या एकतृतीयांश भागाला, पुसट. आतल्या टोकाला लावले तर चढता पारा ते उचलून थेट बैठकीवर नेऊन ठेवतो. सिलिकोन ग्रीस काचेवर पसरत जाते, ते इथे नकोच.

जॉइंटला हुक आणि स्प्रिंग हवेतच. आत निर्वात असताना शंकू ओढून घट्ट बसतो खरा, पण हाताने उचललेला फुगा जॉइंटच्या १०० मिमी वर गेला की त्याला बाहेर ढकलणारा जोर पावणेचारशे ग्रॅमचा होतो. आणि सगळी काच एकाच जातीची घ्या. बोरोसिलिकेटचे प्रसरण सोडा काचेच्या जवळजवळ एकतृतीयांश आहे, दोन्हींचा सांधा थंड होतानाच तडकतो.

पारा धावू देणे

५०० मिलीच्या फुग्यात पावणेसात किलो पारा असतो. निर्वातात त्याला थोपवायला हवेची उशी नसते. तो वर आदळला की झडप, बैठक, कधी फुग्याची मानही जाते. हवा सोडण्याच्या वाटेत केशनळी बसवा आणि शेवटचे २ सेंमी पार करायला ५ ते १० सेकंद लागतील एवढा वेग ठेवा. चांगल्या निर्वातात पारा हळू चढूनही वर टेकताना धातूसारखा ‘टक्’ आवाज येतो. तो आवाज मऊ झाला तर आत वायू उरला आहे.

लक्षणावरून नेमकी झडप ओळखणे

आतली झडप खाली पडत नाही म्हणून तिलाच बदलायची घाई होते. बहुतेक वेळा दोष बाहेरच्या झडपेत असतो: ती गळते, पारा उतरताना फुग्यात वायू परत येतो आणि तो दाब आतल्या झडपेला वर दाबून धरतो. पारा पूर्ण खाली आणून दहा मिनिटे थांबा. बाहेरच्या झडपेवरचा थर कमी झाला, किंवा खाली पाऱ्याचा दोरा उतरताना दिसला, तर गुन्हेगार तीच.

आतल्या झडपेची तपासणी उलट. पारा चढवून ती मिटवा, दहा मिनिटांनी बैठकीच्या वर पाऱ्याचे मणी दिसतात का बघा.

दोन्ही ठीक, तरी दाब एका आकड्यावर अडून बसला? तो आकडा २० मिमीच्या आसपास असेल तर पाण्याची वाफ. पावसाळ्यात उघडी राहिलेली काच हे करतेच. दाबल्यावर वाफेचे पाणी होते, पारा उतरताच पुन्हा वाफ, आणि पंप तेच पाणी घोळत बसतो. ओलावा शोषणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडची नळी जोडा. मॅक्लिऑड गेजवर (वायू दाबून कमी दाब मोजणाऱ्या मापकावर) इथे विसंबू नका, दाबल्यावर द्रव होणारी वाफ तो नीट दाखवत नाही.

पारा काचेवर शेपूट सोडत असेल तर तो मळला आहे. जस्त, शिसे, कथील त्यात सहज विरघळतात आणि त्यांच्या ऑक्साइडची साय बैठकीवर चिकटते. नवी झडपही मग आठवड्यात गळते. पाऱ्याच्या वाटेत पितळ, तांबे, अॅल्युमिनियम, सोल्डर काहीच नको. लोखंड आणि स्टेनलेस स्टील चालते. हातातली अंगठीही काढून ठेवा. विट्याकडच्या सोने गाळणाऱ्या गलाई कारागिरांना पारा सोन्याला कसा धरतो हे सांगावे लागत नाही.

बदलताना

पारा पूर्ण खाली उतरवा आणि खालची टाकी स्टॉपकॉकने (काचेच्या तोटीने) बंद करून वेगळी करा. मग यंत्रणेत आणि फुग्यात हवा एकाच वेळी, हळू सोडा. एकाच बाजूला सोडली तर झडप गोळीसारखी सुटते. जॉइंट अडकला असेल तर ज्योत लावू नका. बाहेरच्या भागावर गरम पाण्यात बुडवून पिळलेला कपडा गुंडाळा आणि लाकडी दांड्याने हलके टिचका मारा. नवा संच बसवून पहिल्या दहा फेऱ्या यंत्रणेचा मुख्य स्टॉपकॉक बंद ठेवूनच करा.

हे सारे पंपातला सगळा पारा मावेल अशा काठाच्या, जोडविरहित ट्रेवर करा आणि खिडक्या उघड्या ठेवा. सांगलीच्या एप्रिलात ४० अंशाला पाऱ्याचा बाष्पदाब २० अंशाच्या पाचपट असतो, म्हणून हे काम सकाळी लवकर उरका. सांडलेला पारा झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने कधीही गोळा करू नका, त्याने तो खोलीभर पसरतो. थेंब पिपेटने उचला, फटींवर गंधकाची पूड टाका. काढलेली झडप पाऱ्याने माखलेली असते. ती पाण्याखाली, घट्ट झाकणाच्या बाटलीत, पाऱ्याच्या कचऱ्याची चिठ्ठी लावून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. बेसिनच्या मोरीतून गेलेला पारा आधी वाकड्या नळीत साचतो आणि वर्षानुवर्षे तिथूनच वाफ देत राहतो.