कन्सोलमध्ये बंद ओळीत ५, उघडल्यावर ०?

सोलापुरी चादरींच्या दुकानाचं बिलिंग पान तपासताना जावास्क्रिप्टमध्ये कन्सोल.लॉग(ऑर्डर) लिहिलं, तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोड तपासायच्या खिडकीत) बंद ओळीत नग ५ दिसतात आणि त्रिकोणावर क्लिक करून उघडलं की ०. कन्सोल ऑब्जेक्टची (इथे ऑर्डर, म्हणजे नग वगैरे माहितीचा गठ्ठा) प्रत ठेवत नाही. तुम्ही उघडता त्या क्षणी आत जे असेल ते दाखवतो, आणि तोवर पुढच्या कुठल्या तरी ओळीने नग शून्य केलेले असतात. क्रोममध्ये शेजारी छोटा 'आय' येतो, त्यावर माउस नेला की तोही हेच सांगतो. बघतं कोण म्हणा!

१. एकच व्हॅल्यू हवी असेल तर तेवढीच छापा: कन्सोल.लॉग(ऑर्डर.नग). बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

२. अख्खा ऑब्जेक्ट हवा असेल तर त्याचा मजकूर करून छापा: कन्सोल.लॉग(जेसन.स्ट्रिंगिफाय(ऑर्डर, नल, २)). छापलेला मजकूर नंतर बदलत नाही.

३. आत मॅप किंवा सेट (जावास्क्रिप्टमधले यादीसारखे संग्रह) असेल तर स्ट्रक्चर्डक्लोन(ऑर्डर), म्हणजे ऑर्डरची वेगळी प्रत, छापा. फंक्शन असेल तर मात्र हा एरर देतो.

सांभाळा: जेसन.स्ट्रिंगिफाय ऑब्जेक्टमधली फंक्शन आणि अनडिफाइन्ड (काहीच न दिलेल्या) व्हॅल्यू गुपचूप गाळतं. छापलेल्या मजकुरात फील्ड दिसलं नाही म्हणून ते ऑर्डरमध्ये नाहीच असं धरून कोड बदलायला बसू नका.